वडाप व मिनीबस वाहतूक (कोल्हापूर)

कोल्हापूर शहर आणि भोवतालची गावे यांदरम्यान जीप, ट्रॅक्स, मॅटाडोर यांसारख्या लहान डिझेल गाड्यांतून, दर सीटमागे भाडे घेऊन चालणारी खाजगी प्रवासी वाहतूक. महापालिकेच्या बससेवेला (केएमटी) ती पूरकही ठरते आणि तिची गिऱ्हाइकेही पळवते. जुन्या झालेल्या या गाड्यांच्या जागी काय आणावे, हा प्रश्न वरकरणी वाहनाचा वाटतो. प्रत्यक्षात परवाना कोणाकडे असावा आणि रिकाम्या फेरीचा खर्च कोणी सोसावा, यांवर तो अडतो.

वडापाला वेळापत्रक नसते. गाडी नंबराला लागते आणि सीट भरल्या की सुटते. चालकाशेजारी दाटीवाटीने बसलेली माणसे, मागे फाळक्यावर उभे दोघे-तिघे आणि टपावर बाजाराच्या पाट्या, हे दृश्य जिल्ह्यात परिचयाचे आहे.

आरंभ : ही वाहतूक नेमकी केव्हा रूढ झाली, याविषयी एकवाक्यता नाही. एका मतानुसार तिचे मूळ मालवाहतुकीत आहे. १९६९ पासून बाजारात आलेल्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोर गाड्या भाजीपाल्याबरोबर माणसेही नेऊ लागल्या, आणि पुढे माल मागे पडून माणसेच उरली. दुसरे मत तिचा संबंध १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धाशी जोडते. ट्रॅक्स व महिंद्राच्या डिझेल जीप कर्जावर घेणे याच सुमारास आवाक्यात आले. शिवाय १ जुलै १९८९ पासून अंमलात आलेल्या मोटार वाहन अधिनियमाने (१९८८) परवान्यांबाबतचे धोरण सैल केले. एसटीच्या संपांमुळे वडाप वाढले, असेही सांगितले जाते. संपात या गाड्यांना जोर येतो, हे खरे; ऑक्टोबर २०२१ पासून सहा महिने लांबलेल्या संपात शासनानेच खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली होती. मात्र संप मिटल्यावरही जी सेवा टिकते तिचे कारण संपात शोधणे पुरेसे नाही. दुसरे मत त्यातल्या त्यात अधिक ग्राह्य वाटते. पहिले त्याची पूर्वपीठिका मानता येईल.

कायदेशीर स्वरूप : चालकाखेरीज सहापेक्षा अधिक प्रवासी नेणारे व प्रत्येकाकडून स्वतंत्र भाडे घेणारे वाहन अधिनियमाच्या कलम २(४०) नुसार ‘टप्पा वाहतूक’ या वर्गात मोडते. एसटी व केएमटी याच वर्गातल्या. ‘कंत्राटी वाहतूक’ म्हणजे संपूर्ण गाडी ठरवून नेणे. वाटेत कराराबाहेरचे प्रवासी चढवता-उतरवता येत नाहीत. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांचा पेच येथे आहे. सात ते बारा प्रवाशांची मॅक्सीकॅब आणि सहापर्यंतची मोटारकॅब या दोन्ही कलम २(७) ने कंत्राटी वाहतुकीत घातल्या आहेत, आणि ‘स्वतंत्र भाडे घेतले तरी’ ही सवलत उपकलमाच्या शेवटी मोटारकॅबला जोडून येते. ती मॅक्सीकॅबलाही लागू आहे, असा अर्थ गाडीमालक लावतात. कलमाची मांडणी पाहता ती मोटारकॅबपुरतीच असावी, हा अर्थ अधिक सरळ दिसतो. तसे असेल, तर परवाना असलेली मॅक्सीकॅबही सीटवर प्रवासी भरताच परवान्याची अट मोडते, आणि विनापरवाना गाडीशी तिचा फरक दंडाच्या पावतीपुरता उरतो. २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६७ मध्ये भर घालून राज्याला अशा वाहतुकीसाठी परवान्यात बदल करण्याचा व स्वतंत्र योजना आखण्याचा अधिकार दिला आहे.

लहान गाडीचे गणित : एका मार्गावर तासाला २४० प्रवासी असतील, तर ६० जणांच्या मोठ्या बसला चार फेऱ्या पुरतात, म्हणजे दर १५ मिनिटांनी एक. २० जणांच्या मिनीबसला १२ फेऱ्या लागतात. बस दर पाच मिनिटांनी येते आणि सरासरी वाट पाहणे साडेसात मिनिटांवरून अडीचवर येते. प्रवाशाला लहान गाडी का भावते, याचे उत्तर एवढ्यात आहे. खर्चाची बाजू उलटी आहे, कारण चार चालकांच्या जागी बारा लागतात. वडापात हा भार दिसत नाही. मालक स्वतःच गाडी हाकतो किंवा चालक रोजावर असतो. गाडी भरल्याशिवाय हलत नसल्याने रिकाम्या फेरीचा खर्चही उद्भवत नाही. तो खर्च वाट पाहण्याच्या रूपाने प्रवासी भरतो. शिवाय भरून सुटलेली गाडी मधल्या थांब्यावर थांबत नाही. कागलहून भरून आलेल्या जीपचा उचगावच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला काहीच उपयोग नसतो.

नगर बससेवा : कोल्हापूरची बससेवा महानगरपालिकेहून (स्थापना १९७२) जुनी असून ती साधारणतः १९६० च्या दशकात नगरपालिकेने सुरू केली. शहराचे क्षेत्र ६६.८२ चौ. किमी. व लोकसंख्या ५,४९,२३६ (२०११) आहे. महापालिका झाल्यावरही हद्द दीर्घकाळ वाढली नाही. वस्ती मात्र कळंबा, पाचगाव, उचगाव, शिरोलीकडे पसरली. त्यामुळे बसची सर्वाधिक गरज असलेले अनेक प्रवासी महापालिकेला कर न भरणाऱ्या गावांत राहतात. या गावांना केएमटीने सेवा का द्यावी, हा सवाल हद्दवाढीच्या प्रत्येक वादात निघतो.

जुन्या बस बाद करण्याला दोन बाजूंनी गती मिळाली. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या उत्तरार्धात नव्या बस मिळाल्या. आणि १ एप्रिल २०२३ पासून शासकीय, महापालिकांच्या व परिवहन उपक्रमांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी नूतनीकृत होणे थांबले. खाजगी वडापाला हा नियम लागू नाही. त्याला फक्त योग्यता प्रमाणपत्र लागते, आठ वर्षांनंतर दरवर्षी. परिणामी, सार्वजनिक ताफा वयामुळे आपोआप आक्रसतो आणि त्याहून जुनी जीप रस्त्यावर राहते.

केंद्राच्या पीएम-ई बस सेवा योजनेतून (ऑगस्ट २०२३, देशभर १०,००० बस) कोल्हापूरला १०० विद्युत बस मंजूर झाल्या. योजनेत १२, ९ व ७ मीटर लांबीच्या बसला अनुक्रमे किलोमीटरला २४, २२ व २० रुपये साहाय्य दहा वर्षे मिळते. बस व चालक कंत्राटदाराचे, तिकिटाचे उत्पन्न महापालिकेचे आणि कंत्राटदाराला मोबदला धावलेल्या किलोमीटरवर, अशी विभागणी आहे. बस भरो न भरो, पैसे द्यावेच लागतात. वडापात प्रवाशावर पडणारा रिकाम्या फेरीचा भार येथे उघडपणे पालिकेच्या हिशेबात येतो. महाद्वार रोड, गंगावेस, पापाची तिकटी या अरुंद भागांत १२ मीटरची बस वळवणे अवघड असल्याने मधल्या लांबीची बस सोयीची आहे. बसचा तळ रस्त्यापासून किती उंचीवर असावा, यावर मतभेद संभवतात. ४०० मिमी. तळ वृद्धांना सोयीचा खरा, पण येथील गतिरोधक पाहता ६५० मिमी. हा व्यवहार्य पर्याय म्हणावा लागेल.

अन्यत्र : मेक्सिको सिटीत २००५ मध्ये मेट्रोबस सुरू करताना त्या मार्गावरील मिनीबसमालकांना नव्या कंपनीत भागधारक करून घेतले. दक्षिण आफ्रिकेने २००६ पासून जुनी मिनीबस-टॅक्सी भंगारात देणाऱ्यास प्रारंभी ५०,००० रँड दिले; गाड्या बदलल्या, धंद्याची रीत बरीचशी तीच राहिली. फिलिपीन्समध्ये २०१७ पासून जीपनीमालकांना सहकारी संस्था किंवा कंपनी काढून एकत्र येण्याची अट घातली गेली व तिला चालकांचा मोठा विरोध झाला. सहकाराची सवय असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात, जेथे दूध व ऊस संस्थांमार्फत जातो, वडापमालकांची संस्था करून तिला मार्ग वाटून देणे तुलनेने सोपे जावे. कलम ६७ मधील नवी तरतूद त्यास पुरेशी आहे.