पसरलेली पोस्ट आणि चाललेली मोहीम

डिसेंबर संपत आला की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पतंगाच्या दोऱ्याने पंख कापलेल्या पाखरांचे फोटो फिरायला लागतात. दांडिया बाजार असो की अलकापुरी, मजकूर ठरलेला: 'चायनीज मांजावर बंदी आणा, पुढे पाठवा.' खाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि कोणीतरी लिहितं, 'छान मोहीम चालू आहे.' नाही हो, ही मोहीम नाही. मुक्या जिवांचा खरा कळवळा असलेली माणसं दरवर्षी हीच गल्लत करतात आणि त्यांची धडपड वाया जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

पोस्ट म्हणजे काय, हे कोणाला समजावायला नको. फोटो, चार ओळी, पुढे ढकलायचं. बातमी पोचवायची, मन हलवायचं, एवढं तिचं काम. ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत शिरल्या, त्याचे व्हिडिओ देशभर गेले आणि लोक सावध झाले. पोस्ट आपल्या जागी उपयोगी आहेच.

रील करायचं की पोस्टर, हॅशटॅग मराठीत की गुजरातीत, जाहिरातीला पैसे घालायचे की नाही, हे फरक किरकोळ आहेत. जे जमेल ते करा.

खरा फरक एकच: मोहिमेला पत्ता असतो. कोणी, काय आणि कधीपर्यंत करायचं, या तिन्हींची उत्तरं तिच्यात लिहिलेली असतात. पोस्ट सगळ्यांना उद्देशून असते, म्हणून तिचं उत्तर देणं कोणावरच बंधनकारक नसतं.

मांजाचंच घ्या. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम धाग्याच्या, म्हणजेच चायनीज म्हणतात त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने जुलै 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या तोंडावर पोलीस आयुक्तांचा जाहीरनामाही निघतो. तरी आपण अजून 'बंदी आणा' म्हणतोय. या मागणीला कोणताही अधिकारी एका वाक्यात उत्तर देईल, 'बंदी आहेच,' आणि विषय तिथेच मिटेल. आता मागायला हवी ती अंमलबजावणी: आमच्या भागातल्या अमुक बाजारात 10 जानेवारीच्या आत तपासणी करा आणि किती माल जप्त झाला ते जाहीर करा. हे पोलीस ठाण्याच्या नावाने, परिसरातल्या रहिवाशांच्या सह्यांनिशी गेलं, की त्याला 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागतं. 'नाही' आलं तरी चालेल. निदान पुढचा अर्ज कोणाकडे करायचा ते कळतं.

देशपातळीवरही हेच दिसतं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये. कुत्र्याला मारहाणीचे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरत होते, लोक चिडत होते आणि विसरत होते. मग 'नो मोअर फिफ्टी' या मोहिमेने तो 50 चा आकडाच पुढे केला आणि संसदेकडे एकच गोष्ट मागितली: दंड वाढवा. ज्याने आयुष्यात कुत्रा पाळला नाही, त्यालाही 50 रुपये ऐकून संताप येतो. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा काढला आणि 7 डिसेंबरपर्यंत लोकांची मतं मागवली. अशा मुदतीत शेअर आणि लाइक मोजले जात नाहीत. आपल्या नावाने मत लिहून पाठवलं, तरच ते धरलं जातं. ऑनलाइन मोहिमेत समर्थकाला नेमकं इथवर आणून सोडायचं असतं, आणि बहुतेक पोस्ट त्याच्या चार पावलं आधीच संपतात.

आता समर्थक कोण, हेही बघू. पतंग आवडणारा, अगाशीवर उंधियु-जिलेबीचा बेत करणारा शेजारी आपला विरोधक नाही, आपल्याला हवा असलेला माणूस तोच आहे. त्याला 'पतंगबाज निर्दयी' म्हणून हिणवणारे संदेश मला अजिबात सहन होत नाहीत. रक्ताळलेल्या पक्ष्याचा जवळून काढलेला फोटोही नको. लोक डोळे मिटून पुढे सरकतात आणि दोन दिवसांनी ग्रुप म्यूट करतात. आणि जखमी पाखराचा फोटो टाकून 'कोणीतरी मदत करा' लिहिणाऱ्यांना हात जोडून विनंती: आधी 1962 लावा. जखमी पशुपक्ष्यांसाठीच्या करुणा अ‍ॅम्ब्युलन्सचा तो नंबर आहे. फोटो नंतर.

सोसायटीच्या ग्रुपवर मी असा संदेश पाठवेन:

'नमस्कार. यंदा आपल्या अगाशीवर नायलॉनचा दोरा आणू द्यायचा नाही आणि पाखरं घरट्यांतून निघतात-परततात त्या पहाटे-संध्याकाळच्या वेळेत पतंग उडवायचे नाहीत, असा ठराव समितीने 5 जानेवारीच्या बैठकीत करावा. पतंग सुती दोऱ्याने जरूर उडवू. सहमत असाल तर फक्त घर नंबर लिहा.'

यात समिती आहे, तारीख आहे, पतंगाला मनाई नाही आणि वाचणाऱ्याने करायचं काम दोन सेकंदांचं आहे. साने काकूंपासून कॉलेजातल्या पोरापर्यंत कोणीही घर नंबर लिहू शकतं. 'पुढे पाठवा' मात्र मी लिहिणार नाही. दुसऱ्या सोसायटीच्या समितीला हा संदेश लागू नाही. तिथल्यांनी आपल्या समितीचं नाव घालून आपला लिहावा.

इतकं केल्यावरही एक काम बहुतेक जण सोडून देतात. ठराव झाला की नाही, हे घर नंबर लिहिणाऱ्यांना कळवलंच जात नाही. मग पुढच्या वर्षी तीच माणसं 'मागच्या वेळी काय झालं?' म्हणून गप्प बसतात. बैठक झाली की त्याच रात्री ग्रुपवर लिहायचं: ठराव झाला, किंवा अमुक कारणाने अडला आणि पुढची बैठक अमुक दिवशी. वासी उत्तरायण, म्हणजे सणाचा दुसरा दिवस, संपल्यावर आणखी एक संदेश: 16 तारखेला सकाळी झाडांत आणि तारांत अडकलेले दोरे काढायला खाली या. विजेच्या तारांना कोणी हात लावायचा नाही, तिथे वीज कंपनीला फोन करायचा.