नद्यांतून होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन व मानवी हस्तक्षेप

नदीच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागातून हवेत निसटतो, त्याला नदीचे कार्बन उत्सर्जन म्हणतात. हवेत या वायूचा आंशिक दाब, म्हणजे हवेच्या एकूण दाबातील त्याचा वाटा, सध्या ४२० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या (एक मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे वातावरणीय दाबाचा दहा लाखावा भाग) थोडा वर आहे. मोठ्या नद्यांच्या पाण्यात तो हजारापासून काही हजारांपर्यंत असणे नेहमीचेच. जगातील ओढे व नद्या मिळून वर्षाला सुमारे १.८ अब्ज टन कार्बन हवेत सोडतात, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला; २०२२ मधील अंदाज २ अब्ज टनांचा होता. हा सगळा माणसाचा प्रताप नव्हे. नदी मुळातच हा वायू सोडते. धरणे, सांडपाणी, खते, नांगरट आणि उपसा यांमुळे हे उत्सर्जन काही ठिकाणी वाढते, तर काही ठिकाणी घटते. घटले म्हणजे नदी सुधारली, असे मात्र नाही.

वायूचे उगम

पहिला उगम माती. मुळे व सूक्ष्मजीव श्वसन करतात, त्यातून जमिनीत साठलेला वायू झिरप्याबरोबर ओढ्यात येतो. दुसरा उगम म्हणजे नदीत वाहून आलेला पाचोळा, गाळातील सेंद्रिय द्रव्य आणि मैला यांचे कुजणे. तिसरा रासायनिक: पाण्यातील बायकार्बोनेटवर (विरघळलेल्या कार्बनचे क्षाररूप) आम्लाची क्रिया झाली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो.

वायू किती वेगाने निसटेल हे दोन गोष्टींवर ठरते: पाणी आणि हवा यांतील दाबाचा फरक, आणि पृष्ठभागाची घुसळण. २५ अंश सेल्सिअसला पाण्यातील दाब ३,००० आणि हवेतील ४२० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअर असेल, तर प्रत्येक घनमीटर पाण्यात समतोलापेक्षा सुमारे ३.९ ग्रॅम वायू जास्त असतो. वायुविनिमयाचा वेग, म्हणजे दिवसात किती जाडीच्या पाण्यातला जादा वायू हवेत जातो तो, दिवसाला २ मीटर धरला, तर दर चौरस मीटरमधून दिवसाला ७.७ ग्रॅम वायू निघतो. एक चौरस किलोमीटर पात्रातून ७.७ टन. खळाळत्या पाण्यात हा वेग कितीतरी वाढतो, बंधाऱ्याच्या साचलेल्या फुगवट्यात दिवसाला मीटरभरही राहत नाही. म्हणून पाण्यातील वायू तेवढाच असला तरी बंधारा घातल्याने उत्सर्जनाची जागा बदलते. फुगवट्यात कोंडलेला वायू सांडव्याखाली, पाणी आपटते तेथे, एकदम सुटतो.

सांडपाणी आणि खते

सांडपाण्याचा हिशेब सरळ आहे. कुजताना एक किलो ऑक्सिजन खर्ची पडला की साधारण १.४ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हिशेबातून बहुधा सुटतो तो अमोनिया. त्याचे नायट्रेट होताना अमोनियमच्या एका आयनामागे दोन हायड्रोजन आयन बाहेर पडतात, आणि ते बायकार्बोनेटच्या दोन आयनांतून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतात. त्यामुळे सेंद्रिय भार कमी करणारा पण अमोनिया तसाच सोडणारा शुद्धीकरण प्रकल्प नदीतले उत्सर्जन पूर्ण थांबवत नाही. त्याचा काही भाग खालच्या टप्प्यावर ढकलतो.

खतांतील नत्र आणि स्फुरद साचलेल्या पाण्यात पोचले की उलटे घडते. शेवाळ माजते, दिवसा ते पाण्यातला वायू ओढून घेते, पीएच ९ च्या वर जातो आणि पाणी हवेतून कार्बन डायऑक्साइड शोषू लागते. सोलापूर जिल्ह्यातील उजनी जलाशयाचे हिरवे पाणी बऱ्याच वाचकांनी पाहिले असेल. दुपारी तेथे मोजणी केली तर जलाशय कार्बन शोषतो असा निष्कर्ष निघू शकतो. रात्री शेवाळाचे श्वसन चालूच असते, मेलेले शेवाळ तळाशी कुजते, आणि तळाला ऑक्सिजन संपला की मिथेन तयार होतो. फक्त कार्बन डायऑक्साइडचा आकडा पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

जलपर्णीचे गणित आणखी वेगळे. तिची पाने हवेतून वायू घेतात, पाण्यातून नव्हे. गालिच्याखाली उजेड नाही, हवा खेळत नाही. मुळांत अडकलेला मैला आणि झडलेली पाने तेथेच कुजतात. वर हिरवेगार, खाली वायूने भरलेले पाणी. पहिल्या मोठ्या पुरात हा गालिचा सुटून खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकतो आणि कुजण्याचा दुसरा अंक तेथे सुरू होतो.

धरणे

नवे धरण भरले की बुडालेली झाडे व माती कुजू लागते. पहिली दहा-वीस वर्षे उत्सर्जन जास्त असते, मग उतरते. ब्राझीलमधील बाल्बिना धरण हे याचे कुप्रसिद्ध उदाहरण: २५० मेगावॉट विजेसाठी सुमारे २,३६० चौरस किलोमीटर क्षेत्र, बहुतांश वर्षावन, पाण्याखाली गेले. खोल जलाशयात तळाचे गार पाणी वरच्या उबदार पाण्यात मिसळत नाही, वायू खालीच साचतो. विद्युतगृहाचे तोंड खोलवर असेल तर हेच पाणी टर्बाइनमधून बाहेर पडते आणि पाण्याचा दाब उतरताच वायू उसळतो. मोजणी फक्त जलाशयाच्या पृष्ठभागावर केली की हा भाग निसटतो.

दुसरी बाजू चीनमध्ये दिसली. तेथील नद्या, तलाव आणि जलाशय मिळून होणारे उत्सर्जन १९८० च्या दशकात वर्षाला सुमारे १३.८ कोटी टन कार्बन होते, ते २०१० च्या दशकात ९.८ कोटी टनांवर आले. वाहत्या नद्यांचे जलाशयांत झालेले रूपांतर आणि मोठ्या प्रमाणावरील वनीकरण ही कारणे संशोधकांनी दिली. गाळ धरणात बसला की त्यातील कार्बनही तेथे गाडला जातो, गढूळपणा गेल्याने शेवाळाला उजेड मिळतो आणि घुसळण थांबते.

गोदावरी

त्र्यंबकेश्वरपासून बंगालच्या उपसागरापर्यंत १,४६५ किलोमीटर वाहणाऱ्या गोदावरीत हे सगळे एकाच नदीवर पाहता येते. वरचे खोरे दख्खनच्या बेसाल्टचे. बेसाल्ट झिजताना मातीतील कार्बन डायऑक्साइडचे बायकार्बोनेट होते, म्हणून पाण्याला आम्ल पचवण्याची चांगली ताकद असते. नाशिकखाली शहरी सांडपाणी आणि जलपर्णी, पुढे पैठणला जायकवाडीचा सुमारे १०३ टीएमसीचा उथळ, पसरट नाथसागर, आणि त्याखाली बंधाऱ्यांची माळ. एप्रिल-मेमध्ये अनेक ठिकाणी प्रवाह नावालाच उरतो.

नदीमुखाशी चित्र टोकाचे आहे. राजमहेंद्रीजवळच्या धवलेश्वरम बंधाऱ्याचे दरवाजे बंद असताना खाडीत गोडे पाणी जवळजवळ येतच नाही. तेव्हा पाण्यातील दाब ५०० मायक्रोअ‍ॅटमॉस्फिअरच्या आसपास किंवा त्याखाली असतो. पावसाळ्यात दरवाजे उघडून पूर सुटला की तो ३०,००० च्या वर गेल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केली. या संस्थेचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. वर्षाचे उत्सर्जन थोड्या आठवड्यांत एकवटते. उन्हाळ्यातील एका नमुन्यावरून सरासरी काढणारा अभ्यास म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

पाणी ओसरल्यावर नाथसागरच्या काठाची गाळपेर जमीन उघडी पडते आणि लोक तेथे पिके घेतात. ओला सेंद्रिय गाळ हवेला लागला की तळाशी सुरक्षित गाडलेला कार्बन पुन्हा कुजू लागतो. जलाशयाचे उत्सर्जन काढताना फक्त पाण्याचे क्षेत्र धरले, तर हा पट्टा हिशेबाबाहेर राहतो. पाणीपातळी जितकी चढउतार करते तितकी ही चूक मोठी.

मोजणी आणि नेहमीच्या चुका

सर्वात सोपी पद्धत म्हणजे पाण्यावर उपडी तरंगणारी पेटी: दहा-पंधरा मिनिटांत आतील वायू किती वाढला ते पाहायचे. पेटी प्रवाहाबरोबर वाहू द्यावी. नांगरून ठेवली तर तिच्या कडांभोवती भोवरे उठतात आणि आकडा फुगतो.

पीएच आणि अल्कता (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) यांवरून वायूचा आंशिक दाब काढण्याची पद्धत स्वस्त, पण नाजूक. पीएचमध्ये ०.१ ची चूक झाली की उत्तर सुमारे पाव पटीने चुकते. पाचोळ्याचे सेंद्रिय आम्ल असलेल्या मऊ पाण्यात ही पद्धत दाब बराच जास्त दाखवते. गोदावरीच्या बेसाल्टी पाण्यात ती त्या मानाने बरी. नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी, बुडबुडा राहू देऊ नये, सावलीत ठेवावी. उशीर होणार असेल तर मर्क्युरिक क्लोराइड घालून जीवक्रिया थांबवावी. ते जहाल विष आहे, उरलेला नमुना नदीत ओतू नये.

वेळ हा सर्वात दुर्लक्षित भाग. बहुतेक नमुने सकाळी दहा ते संध्याकाळी पाच या वेळेत घेतले जातात, कारण होडी तेव्हाच मिळते. अनेक देशांतील ओढ्यांवर सतत नोंद ठेवणाऱ्या संवेदकांनी रात्रीचे उत्सर्जन दिवसापेक्षा सरासरी २७ टक्के जास्त दाखवले आहे (२०२१). हिरव्या पाण्याच्या नद्यांत निदान पहाटेचा एक आणि दुपारचा एक नमुना हवाच.

सुटलेला वायू जुन्या कार्बनचा की ताज्या, हे रेडिओकार्बनवरून, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सारी कार्बनवरून, कळते. अ‍ॅमेझॉनमध्ये २००५ साली तो बहुतांश ताजा, पाच वर्षांच्या आतला निघाला. जगभरच्या नोंदी एकत्र करणाऱ्या २०२५ च्या अभ्यासाने मात्र नदी-उत्सर्जनाचा निम्म्याहून जास्त वाटा हजारो वर्षे जुन्या माती व खडकांतील कार्बनचा असल्याचे दाखवले. ताजा पाचोळा कुजला तर कार्बन झाडांकडे परत जाऊ शकतो. नांगरट आणि धूप यांनी उकरलेला जुना कार्बन हवेत नवी भर घालतो, आणि नदीच्या उत्सर्जनात माणसाचा हिस्सा किती हे ठरवताना तोच वेगळा काढावा लागतो.