नोंदींच्या गरजेतून उभे राहिलेले शिक्षकांचे ब्लॉग

शिक्षणातल्या ऑनलाइन साधनांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा थेट २०२० च्या टाळेबंदीवर जाते. जिल्हा परिषदेच्या शाळांत मात्र ही गोष्ट दहा वर्षे जुनी होती, आणि तिचे मूळ वर्गापेक्षा कार्यालयातल्या कपाटात जास्त सापडते.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला धरून राज्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. पहिली ते आठवीच्या मुलांना नुसते गुण देऊन आता भागणार नव्हते. आकारिक (सत्रभर चालणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) मूल्यमापन, त्यावरून श्रेणी, आणि शिवाय प्रत्येक मुलाच्या नावापुढे विषयवार वर्णनात्मक नोंद. ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘हातच्याची वजाबाकी करताना मदत लागते’, अशा धर्तीची. कल्पना चांगलीच होती. पण चाळीस पटाच्या दोनशिक्षकी शाळेत आठ विषय धरले, तरी एका सत्राला तीनशेवीस नोंदी होतात. शिकवणे, पोषण आहार, मासिक पत्रके हे सगळे सांभाळून गुरुजींनी त्या लिहायच्या कधी?

नेमक्या या अडचणीत ब्लॉग कामाला आला. गूगलचे ब्लॉगर फुकट होते आणि चालवायला कुणाची परवानगी लागत नव्हती. एखाद्या हौशी शिक्षकाने विषयवार नोंदींची यादी टंकून टाकली की ती जिल्ह्याजिल्ह्यांतून उतरवून घेतली जाई. पाठोपाठ एक्सेलच्या फाइली आल्या: गुण भरले की श्रेणी, निकालपत्रक, प्रगतिपत्रक आपोआप तयार. मग वार्षिक नियोजन, टाचण (पाठाची पूर्वतयारीची टिपणे), परिपाठासाठी सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, पोषण आहाराचा हिशेब, रजेच्या अर्जांचे नमुने, ताजे शासन निर्णय (जीआर). शाळेच्या कारभाराचे जवळजवळ सगळे दप्तरच तिथे आले.

यातला विरोधाभास बोचरा आहे. प्रत्येक मूल वेगळे दिसावे म्हणून ठेवलेला रकाना हजारो शाळांत त्याच त्या यादीतून भरला गेला. ब्लॉगवाल्यांना यासाठी दोष देणे मला पटत नाही. नोंद न लिहिल्याबद्दल विचारणा होत होती, ती खरी आहे का याची चौकशी फारशी कुणी करत नव्हते.

शिक्षक इतक्या पटकन संगणकावर लिहू लागले यालाही मागची दोन कारणे आहेत. २००१ मध्ये एमकेसीएल (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन) स्थापन झाले, एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा आली आणि ती सरकारी सेवेतल्यांना बंधनकारक झाली. शाळेत संगणक यायच्या आधीच अनेकांच्या हाती त्याचे प्रमाणपत्र पडले होते. दुसरे कारण युनिकोडचे, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरांसाठी एकच संकेत वापरण्याच्या पद्धतीचे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर, तो फॉन्ट नसेल तर, निव्वळ अगम्य चिन्हे दाखवायची. युनिकोड रुळल्यावर एका गावात टंकलेले मराठी दुसऱ्या गावात जसेच्या तसे वाचता येऊ लागले, शोधताही येऊ लागले.

शिक्षकांनी शिक्षकांसाठी लिहिण्याची परंपरा अर्थात याहून कितीतरी जुनी. एकोणिसाव्या शतकात शिक्षण खात्याचे ‘शालापत्रक’ निघत असे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी काही वर्षे ते चालवले, आणि १८७५ मध्ये सरकारने ते बंद केले. खात्याच्या पैशावर चालणाऱ्या पत्राला मोकळेपणाने बोलण्याच्या मर्यादा असतात, हे तेव्हाच कळले होते. अलीकडच्या काळात अनुभवांची देवाणघेवाण केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत व्हायची. पण तिचा आवाका दहा-बारा शाळांपुरता.

२०१५ हे वर्ष वळणाचे. २२ जूनला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला आणि ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टॅब, स्मार्ट टीव्ही घेतले गेले. गूगल फॉर्म आणि टेस्टमोजवर ऑनलाइन चाचण्या तयार झाल्या. काही शाळांत वीजबिल थकल्यामुळे जोडणीच तुटली आणि प्रोजेक्टर कपाटात गेला, हेही त्याच काळातले.

त्याच वर्षी ‘सरल’ प्रणाली सुरू झाली. शाळा, शिक्षक आणि विद्यार्थी यांची सगळी माहिती ऑनलाइन भरायची होती. दिवसा सर्व्हर ढिम्म हलायचा नाही, म्हणून शिक्षक रात्री जागून माहिती भरत. कुठले बटण दाबायचे, चूक झाली तर दुरुस्ती कुठे, हे चित्रांसह समजावणारे ब्लॉग अधिकृत सूचनांपेक्षा जास्त वाचले गेले. पुढे ऑनलाइन कामांचा बोजा हा शिक्षक संघटनांच्या आंदोलनांचा विषय झाला.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ते मात्र वेगळ्या जातीचे काम. कोड फोनने वाचला की मुलाला कविता ऐकता येई, व्हिडिओ पाहता येई. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड छापून येऊ लागले. केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे ऑनलाइन शिक्षण व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले, आणि पुस्तकातले कोड त्याला जोडले गेले. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

मधल्या काळात ब्लॉग मागे पडत गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि लिहिणारे व्हिडिओ करू लागले. फाइली व्हॉट्सअॅपच्या गटांत फिरू लागल्या, त्यावरचे मूळ कर्त्याचे नावही पुसले जाऊ लागले. बऱ्याच ब्लॉगांवर आता टाचणांऐवजी भरतीच्या जाहिराती आणि महागाई भत्त्याच्या बातम्या दिसतात.

टाळेबंदीत या साऱ्याची खरी मर्यादा दिसली. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार देशातल्या ग्रामीण भागात फक्त १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती. म्हणून जुलै २०२० मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका आणली, ती दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथे टीव्ही तरी असण्याची शक्यता होती.

आज पाठ्यघटक दीक्षावर आहेत, तपासून मान्य केलेले. एखाद्या वाडीवरच्या शिक्षकाला स्वतःचे काही तिथे टाकायचे तर मान्यतेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ब्लॉगवर ते काम चहा पिता पिता व्हायचे. कार्यालयीन फर्माने मात्र थांबलेली नाहीत. डिसेंबर २०२३ पासून स्विफ्टचॅट या मोबाइल अॅपवर हजेरी नोंदवायची सूचना आली, नंतर विद्यार्थ्यांचा अपार आयडी (कायमचा ओळख क्रमांक) आला, आणि प्रत्येक वेळी ‘माहिती कशी भरावी’ सांगणारी नवी पाने कुणा ना कुणा शिक्षकाने लिहिली.