ड्रोमानाची देवडी : आयर्लंडमधल्या एका घुमटाची पूर्वपीठिका

आयर्लंडच्या वॉटरफर्ड काउंटीत, कॅपोक्विन गावाजवळ, फिनिस्क नदीवरच्या पुलाच्या टोकाला कांद्याच्या आकाराचा एक घुमट उभा आहे. त्याच्या बाजूंना सडपातळ मिनार आहेत, खाली गाडीरस्त्याची उंच कमान आहे आणि कमानीला लागून दोन्ही अंगांना द्वारपालाच्या राहण्याच्या बसक्या खोल्या आहेत. ब्लॅकवॉटर नदीकाठच्या ड्रोमाना हाऊस या जमीनदारी वाड्याचे हे प्रवेशद्वार. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजात पहारेकऱ्यांसाठी देवड्या असत, तशीच ही रचना. फरक एवढाच की येथे द्वारपालाचा संसारही त्याच खोल्यांत असे आणि पाहुण्याला वाडा दिसण्याआधी मालकाची ऐपत व अभिरुची दिसावी, हेही काम त्या वास्तूकडे असे.

या द्वाराची कथा १८२६ पासून सुरू होते. त्या वर्षी ड्रोमानाचे तरुण मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी संसदेच्या निवडणुकीत प्रबळ बेरेस्फर्ड घराण्याच्या उमेदवाराचा पराभव केला. ते स्वतः प्रोटेस्टंट होते, पण डॅनियल ओकॉनेल यांच्या कॅथलिक चळवळीचा त्यांना पाठिंबा होता आणि कुळांनी आपापल्या जमीनदारांचा रोष पत्करून त्यांना मते दिली. कॅथलिकांना संसदेचे दार उघडणारा १८२९ चा कायदा होण्यात या निकालाचा मोठा वाटा आहे. निवडणुकीच्याच वर्षी, १८२६ मध्ये, हेन्री यांचा विवाह व्हिएन्नाच्या थेरेसिया पॉलिन ऑट यांच्याशी झाला. नवदांपत्य घरी परतले तेव्हा कुळांनी लाकूड आणि कागदाच्या लगद्याची एक तात्पुरती भारतीय धाटणीची कमान उभारली, ती दोघांना इतकी भावली की पुढे तीच पक्क्या बांधकामात उतरवली गेली, असे परंपरा सांगते. मात्र या द्वाराचे वास्तुविशारद मार्टिन डे यांच्या सहीचे आराखडे १८४९ चे आहेत. त्यामुळे स्वागताची कमान आणि आजची वास्तू यांच्यात वीसएक वर्षांचे अंतर असावे, असे मला वाटते.

पण आयर्लंडच्या खेड्यात हा घुमट आला कोठून? सर्वांत जवळचा नमुना म्हणजे वास्तुविशारद जॉन नॅश यांनी १८१५ पासून नव्याने घडवलेला इंग्लंडमधल्या ब्रायटनचा राजवाडा. त्याच्याही आधी, १८०५ च्या सुमारास, ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत श्रीमंत झालेल्या चार्ल्स कॉकरेल यांच्यासाठी ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट हा घुमटाचा वाडा बांधला गेला. तेथे सल्लागार होते चित्रकार थॉमस डॅनियल. भारतभर फिरून त्यांनी पुतण्या विल्यमसह काढलेल्या चित्रांतून इंग्लंडला येथील वास्तुकलेची ओळख झाली होती. सेझिनकोटच्या बागेतल्या पुलाचे खांब आपल्या घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत. पुण्याच्या पेशवे दरबारात वावरलेले चित्रकार जेम्स वेल्स १७९५ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांची वेरूळची रेखाटने डॅनियल यांनीच पुढे छापून प्रसिद्ध केली. वेरूळच्या त्या कामात पुण्याचे चित्रकार गंगाराम तांबट यांचाही हात होता, हे नाव या इतिहासात आवर्जून घ्यायला हवे.

ड्रोमानाच्या शैलीला ‘हिंदू-गॉथिक’ म्हणण्याचा प्रघात आहे; गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची शैली. हा प्रघात मला पटत नाही. घुमट आणि मिनार मुघल वळणाचे आहेत. त्या काळच्या इंग्रजीत ‘हिंदू’ हा शब्द सैलपणे भारतीय या अर्थी वापरला जाई, म्हणून ते नाव चिकटले. खिडक्यांची कमान जवळून पाहावी : तिची रेषा खालून बाहेर फुगते, मग आत वळते आणि वर टोकाला मिळते. हीच दुहेरी वळणाची रेषा युरोपातल्या गॉथिक चर्चमध्येही आहे आणि मुघल महालातही. दोन परंपरा तेथे जुळल्या त्या या एका रेषेमुळे, आणि म्हणूनच भारत न पाहिलेल्या गवंड्यांनाही ती साधली असावी.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वास्तूची पडझड झाली होती. १९६० च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटीने तिचा जीर्णोद्धार केला. आता वाड्याकडे जाणाऱ्या बग्ग्यांऐवजी गावातल्या मोटारी त्या कमानीखालून ये-जा करतात.