माल न हलवता कॉपी

सांगलीत हळदीचा सौदा पेठेत व्हायचा आणि हळद हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, जागच्या जागी राहायची. मालक बदलायचा तो वहीत. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने २०१६ मध्ये, ४.५ या आवृत्तीत, फाइल कॉपी करण्यासाठी जो सिस्टिम कॉल (प्रोग्रामने सिस्टिमच्या गाभ्याला, म्हणजे कर्नेलला, करायची विनंती) आणला, त्यालाही असाच व्यवहार करता येतो. त्याचे नाव ‘कॉपी फाइल रेंज’.

त्याआधी कॉपी करणारा प्रोग्राम कर्नेलला बहुतेक दोनच गोष्टी सांगायचा: वाच आणि लिही. डिस्कवरचा डेटा कर्नेलच्या मेमरीत यायचा, तिथून प्रोग्रामच्या बफरमध्ये (मेमरीतल्या त्याच्या तात्पुरत्या जागेत), परत कर्नेलकडे आणि मग डिस्कवर. प्रोग्रामला त्यातले एक अक्षरही बघायचे नसे, पण कर्नेलला ते कळायला मार्ग नव्हता. नव्या कॉलमध्ये थेट हेतूच सांगितला जातो: या फाइलचा इथपासून इतका भाग त्या फाइलमध्ये तिथे ठेव. कसा, ते कर्नेल बघेल. माझ्या मते खरी कल्पकता इथेच आहे.

बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या व्यवस्थेवर) नवी फाइल डिस्कवरच्या जुन्याच ब्लॉककडे, म्हणजे डेटाच्या तुकड्यांकडे, बोट दाखवते. पुढे एकीत बदल झाला, तर तेवढाच भाग वेगळा लिहिला जातो. विश्रामबागेतल्या स्टुडिओत लग्नाच्या ४० जीबी व्हिडिओची त्याच डिस्कवर अशी कॉपी क्षणात होईल. मात्र तिला बॅकअप समजू नका. ब्लॉक खराब झाला तर दोन्ही फाइली जातील. एनएफएस या नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीच्या ४.२ आवृत्तीत सर्व्हर त्याच्याकडेच कॉपी करू शकतो, डेटा नेटवर्कवरून फिरत नाही.

हा कॉल किती बाइट कॉपी झाले ते परत सांगतो. आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो. शून्य म्हणजे फाइल संपली. घोळ झाला तो या शून्यात. ‘प्रॉक’मधल्या, म्हणजे कर्नेल स्वतःची माहिती ज्या आभासी फाइलींतून दाखवतो, त्या फाइली स्वतःचा आकार शून्य सांगतात, कारण मजकूर वाचतानाच तयार होतो. २०१९ मध्ये ५.३ आवृत्तीने वेगवेगळ्या फाइल सिस्टिममध्येही कॉपीची मुभा दिली. मग अशा फाइलींवर कॉल शून्य सांगू लागला, त्रुटीचा इशारा काहीच नाही, आणि प्रोग्राम रिकामी फाइल ठेवून मोकळा. २०२२ मध्ये ५.१९ ने ही मुभा आवरली. आता फाइल सिस्टिमचे प्रकार वेगळे असले की सहसा स्पष्ट त्रुटी मिळते आणि प्रोग्राम जुन्या वाच-लिही पद्धतीकडे वळतो. वेग गेला तरी ही माघार मला योग्यच वाटते: त्रुटी मिळाली तर प्रोग्रामला दुसरा मार्ग धरता येतो, खोट्या यशानंतर तो थांबतोच.