अंधारीतली वाट आणि पडद्यावरचे शब्द : मजकुरी खेळांच्या साधनांची पार्श्वभूमी

दौलताबादच्या किल्ल्यात ‘अंधारी’ म्हणून एक भुयारी वाट आहे. कातळात खोदलेली, वळणावळणाची, पायऱ्या कुठं चढतात आणि कुठं संपतात याचा थांग न लागणारी. आत शिरलेल्या शत्रूचे डोळे निकामी व्हावेत, हाच ती खोदणाऱ्यांचा हिशेब. मराठवाड्यातल्या शाळांची सहल इथं कधी ना कधी येतेच. त्यामुळं आमच्याकडच्या पोरांना संगणकावरचा खेळ लिहायला सांगितला की निम्मे जण अंधारीवर लिहितात. यंदा दोघांनी मिळून घेतलाय. एक जालन्याचा, जन्मापासून दृष्टिहीन. दुसरा परभणीचा, डोळस. खेळ निव्वळ शब्दांचा. संगणक प्रसंग सांगणार, खेळणारा काय करायचं ते लिहिणार, फासे पडणार, अंगातली ताकद कमी-जास्त होणार. पहिल्याच दिवशी प्रश्न आला, “मॅडम, लिहायचं कशात?”

सरळ एखाद्या भाषेचं नाव सांगून मोकळं होता आलं असतं. पण या खेळांच्या साधनांना जुन्या सवयी चिकटलेल्या आहेत, आणि त्या कुठून आल्या हे कळल्याशिवाय निवड करणं म्हणजे मशालीशिवाय अंधारीत शिरणं.

योगायोग असा, की या प्रकारचा पहिला गाजलेला खेळही गुहेतलाच. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह धुंडाळायचा. १९७५-७६ च्या सुमारास त्यानं त्या गुहेवर बेतलेला खेळ आपल्या मुलींसाठी लिहिला. भाषा फोरट्रान, संगणक पीडीपी-१०. त्याच्या थोडंच आधी, १९७४ साली, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा फाशांचा आणि सोंगांचा खेळ बाजारात आला होता. क्राउदर तोही खेळायचा. १९७७ मध्ये डॉन वूड्सनं भर घातली आणि खेळ एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. (दुसऱ्याचं सोंग घेऊन त्याच्या तोंडानं बोलणं आपल्याला काही नवं नाही. पैठणला एकनाथांनी भारुडांत आंधळ्याची, बहिऱ्याची, वासुदेवाची सोंगं कितीतरी आधी घेतली होती.)

क्राउदरच्या खेळाला दोन शब्दांची आज्ञा चालायची: आधी क्रियापद, मग वस्तू. आणि शब्दाची पहिली पाचच अक्षरं तपासली जायची, कारण त्या संगणकाच्या ३६ बिटांच्या एका घरात सात-सात बिटांची पाच अक्षरं मावत. ही पाच अक्षरं लक्षात ठेवा, मराठीकडे आल्यावर लागणार आहेत.

महत्त्वाची गोष्ट मात्र उत्तर कुठं उमटायचं ही होती. त्या काळी पुष्कळ ठिकाणी पडदा नव्हताच. टेलिटाइपवर कागदाची गुंडाळी असायची आणि तिच्यावर ओळीमागून ओळ छापली जायची. छापलं ते छापलं, मागं जाऊन काही बदलता येत नसे. त्यामुळं सगळा मजकूर वरून खाली, एकाच क्रमानं. डोळे मिटून ऐकणाऱ्याला नेमका असाच मजकूर लागतो. दृष्टिहीनांचा विचार करून हे कुणी केलेलं नव्हतं; यंत्राच्या मर्यादेतून सोय आपोआप झाली. आणि आपोआप झालेली सोय आपोआप जातेही, हे पुढं दिसलं.

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९७७ साली ‘झॉर्क’ हा असाच मजकुरी खेळ सुरू झाला, त्याच मंडळींनी १९७९ मध्ये इन्फोकॉम ही कंपनी काढली. खेळ निरनिराळ्या बनावटीच्या घरगुती संगणकांवर चालावा म्हणून त्यांनी झेड-मशीन नावाचा कल्पित संगणक रचला. कथा एका फाईलीत, आणि ती वाचून दाखवणारा प्रोग्राम वेगळा. हेतू धंद्याचा होता. फायदा दृष्टिहीन खेळाडूलाही झाला, कारण फाईल तीच ठेवून आपल्या स्क्रीन रीडरशी (पडद्यावरचं वाचून बोलणाऱ्या प्रोग्रामशी) जुळणारा वाचक-प्रोग्राम त्याला निवडता येतो. १९९३ साली ग्रॅहम नेल्सननं ‘इन्फॉर्म’ ही भाषा याच झेड-मशीनसाठी फुकट दिली. २००६ ची तिची सातवी आवृत्ती तर जवळजवळ इंग्रजी वाक्यांतच लिहायची. महिरपी कंस नाहीत, त्यामुळं कोड ऐकायला गोड. आमच्या पोरांना मात्र ती पेलली नाही. ती धड इंग्रजीही नाही आणि धड कोडही नाही; कुठलं वाक्य चालेल आणि कुठलं नाही, हा अंदाज ज्याची मायबोली इंग्रजी त्यालाच पटकन येतो.

दुसरी शाखा इंग्लंडात फुटली. १९७८ साली एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ सुरू केला, अनेकांनी एकाच वेळी खेळायचा मजकुरी खेळ. त्याची पिल्लं जगभर झाली. ‘ऑल्टर ईऑन’सारख्या मडमध्ये आजही दृष्टिहीन खेळाडू मोठ्या संख्येनं आहेत. मडची तक्रार एकच, लढाई पेटली की ओळींचा लोंढा येतो. तलवार लागली, चुकली, पुन्हा लागली. डोळस माणूस नजर टाकून सोडून देतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक ओळ संपायची वाट बघावी लागते. म्हणून तिथल्या खेळाडूंनी नको त्या ओळी गाळायची आणि त्यांच्या जागी नुसता आवाज वाजवायची युक्ती काढली. निक गॅमन यांचा मशक्लायंट हा प्रोग्राम त्यासाठी पुष्कळ वापरला गेला.

आता वळण येतं ते १९८० च्या ‘रोग’ (Rogue) या खेळाचं. हाही तळघरांचा, राक्षसांचा, पडद्यावर अक्षरंच असलेला खेळ. पण इथं ‘@’ म्हणजे नायक, उभ्या-आडव्या रेघा म्हणजे भिंती, इंग्रजी कॅपिटल अक्षर म्हणजे राक्षस. कर्सर पडद्यावर कुठंही नेऊन अक्षर ठेवता येईल अशी कर्सेस नावाची लायब्ररी (तयार कोडचा संच) हाताशी आली होती. तपशिलात बघितलं तर सगळा मजकूर. प्रत्यक्षात अक्षरांच्या रांगोळीनं काढलेलं चित्र. स्क्रीन रीडर ते इमानदारीनं वाचतो, “डॅश डॅश डॅश डॅश ॲट डॅश”. खेळ मजकुरी असला म्हणजे तो ऐकता येतोच, हा समज इथंच मोडायला हवा होता. अजून मोडलेला नाही.

डॉसच्या काळात तरी पडदा म्हणजे ८० घरं रुंद आणि २५ ओळी उंच असा तक्ता होता. कुठल्या घरात कुठलं अक्षर, हे संगणकाच्या स्मृतीतल्या ठरलेल्या जागी मिळायचं. टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतीतला गडी. १९७८ मध्ये अपघातात त्याची दृष्टी गेली. त्याच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला तो डॉससाठी, आणि तिथून अक्षरं उचलून बोलायला लागला. मग विंडोज आलं आणि पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपके आले. बटण काय, शब्द काय, सगळं रंगवलेलं. १९९७ साली मायक्रोसॉफ्टनं ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी ही सोय दिली: प्रोग्रामनं स्वतःच सांगायचं, ‘इथं बटण आहे, त्याचं नाव अमुक’. जो सांगेल त्याचं ऐकू येईल. जो नुसताच रंगवेल तो स्क्रीन रीडरपुरता मुका.

साधन निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते: हे शब्द सांगतं की रंगवतं?

याचा फटका कसा बसतो ते आमच्या भागातल्या एका महाविद्यालयात बघितलं. पहिल्या वर्षाला अजूनही टर्बो सी. सी भाषेत प्रोग्राम लिहायचं १९९० च्या आसपासचं डॉसचं साधन, निळा पडदा, पिवळी अक्षरं. ६४ बिटांच्या विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्समध्ये चालवतात. डॉसबॉक्स जुन्या पडद्याचं चित्र काढून दाखवतो. म्हणजे १९८९ साली जी अक्षरं स्क्रीन रीडरला मिळत होती, तीच आता चित्रात कोंडली गेली. जालन्याचा पोरगा प्रात्यक्षिकाच्या तासाला बसायचा, शेजारचा त्याला ओळी वाचून दाखवायचा, आणि वहीत शेरा पडायचा ‘सराव कमी’. सी साठी दुसरा कंपायलर (लिहिलेला कोड संगणकाला समजेल असा करून देणारा प्रोग्राम) चालेल का, असं विचारलं तर उत्तर आलं, अभ्यासक्रमात हाच आहे. चीड येते ती नियमापेक्षा त्या शेऱ्याची.

जालन्याच्या पोराला संगणक खऱ्या अर्थानं मिळाला तो एनव्हीडीएमुळं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं २००६ मध्ये हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला, आणि तो फुकट आहे. जॉजची किंमत मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या घरात निघण्यातली नव्हती. एनव्हीडीए बराचसा पायथन या भाषेत लिहिलेला आहे, त्यामुळं पोरं पायथनकडं ओढली जातात आणि ते बरोबरच आहे. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या रिकाम्या जागेला अर्थ असतो, ती ऐकणाऱ्याला कशी कळणार, हा आक्षेप जुना आहे. एनव्हीडीए ती जागा बोलून किंवा सुरांच्या चढउतारानं सांगतो. सेटिंग तेवढं चालू करावं लागतं.

पायथनमधला खड्डा दुसरीकडे आहे. खिडक्या-बटणांसाठी त्याच्यासोबत येणारा टीकेइंटर आपली बटणं स्वतः रंगवतो, एनव्हीडीएला त्यातलं जवळपास काहीच मिळत नाही. शिकवण्या मात्र बहुतेक त्याच्याच. खेळ करायच्या पायगेमचीही तीच गत. डब्ल्यूएक्स-पायथन विंडोजची मूळ बटणं वापरतो, म्हणून ती बोलतात. एनव्हीडीएच्या स्वतःच्या खिडक्याही त्यातच केलेल्या आहेत. मोठी गेम इंजिनं, म्हणजे खेळ बांधायची तयार साधनं, या बाबतीत फार उशिरा जागी झाली. त्यांतल्या गोडोटमध्ये स्क्रीन रीडरची सोय आली ती ४.५ या आवृत्तीत, २०२५ साली. दृष्टिहीनांनी दृष्टिहीनांसाठी केलेली साधनंही होती. स्वीडनच्या फिलिप बेनेफॉल यांचं बीजीटी आवाजी खेळांसाठी बरीच वर्षं चाललं. मग त्याचं काम थांबलं, आणि त्यात बांधलेले खेळ अँटिव्हायरस व्हायरस समजून अडवू लागले. एका माणसाच्या खांद्यावरच्या साधनाचं हे व्हायचंच. २०२४ मध्ये त्याच वळणाचं एनव्हीजीटी आलं, ते खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो.

हे झालं इंग्रजीतून. मराठीत खेळ करायचा म्हटल्यावर वाट बदलते.

पहिली अडचण फॉन्टची. परभणीच्या पोरानं कथेचा काही भाग गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणला होता. दिसायला झकास मराठी, पण जुन्या फॉन्टातली: आत इंग्रजी अक्षरांचे क्रमांक, वर देवनागरीचा मुखवटा. एनव्हीडीएनं वाचलं ते निव्वळ इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. १९९१ पासून युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी पद्धत) आहे तरी ही फाईल आजही गावोगाव भेटते. सगळं पुन्हा टाइप केलं.

मग आवाज. एनव्हीडीएसोबत येणारा ईस्पीक हा संगणकी आवाज मराठी बोलतो, पण डब्यात दगड हलवल्यासारखा. म्हणून आमचा पोरगा हिंदी आवाजावर मराठी ऐकतो, आणि त्या आवाजाला ‘चूल’ आणि ‘चहा’ यांतला च सारखाच वाटतो. त्यात परभणीच्या गड्याला हौस, एकेक अक्षर टपटप उमटत जावं. ‘क्षि’ आपल्याला एक अक्षर दिसतं, पायथनच्या मोजणीत ते चार आहे. पडद्यावर आधी क, मग पाय मोडलेला क, मग क्ष, आणि शेवटी मागं जाऊन लागलेली वेलांटी. डोळ्यांनाही वाईट आणि कानांना तर त्याहून वाईट, कारण स्क्रीन रीडर दर तुकड्याला नव्यानं सुरुवात करतो. ती हौस पहिल्या आठवड्यात संपली.

खरा कस लागतो तो आज्ञा समजून घेण्यात. इंग्रजी साधनं गृहीत धरतात की क्रियापद पहिलं येणार. आपण म्हणतो, ‘मशालीने वटवाघळांना हाकल’. क्रियापद शेवटी. ते अवघड नाही, शेवटच्या शब्दापासून वाचायला लागायचं. उलट मराठीची एक सोय आहे: ‘ने’ लागलं की हत्यार, ‘ला’ लागलं की लक्ष्य, ‘त’ लागलं की जागा. शब्द मागेपुढे झाले तरी नातं शब्दालाच चिकटलेलं असतं. पण प्रत्यय लागताना शब्द अंग चोरतो. विहीर, विहिरीत. दिवा, दिव्याला. पाणी, पाण्यात. क्राउदरची पहिल्या पाच अक्षरांची युक्ती इथं ‘तलवारीने’ला चालते, ‘विहिरीत’ला गळपटते.

म्हणून पुष्कळ जण आज्ञेचा नादच सोडतात आणि पर्याय निवडायचा खेळ करतात. ख्रिस क्लिमस यांचं ट्वाइन २००९ चं, इंकल कंपनीची इंक ही भाषा २०१६ पासून खुली. दोन्हींतून शेवटी वेब पानच मिळतं, आणि साध्या दुव्यांचं वेब पान टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावलेल्या मोबाईलवरही बोलतं. आमच्याकडं संगणकापेक्षा मोबाईल जास्त, त्यामुळं हे वजनदार कारण आहे. पण ट्वाइनमध्ये लिहायची जागा म्हणजे चौकोन आणि बाणांचा नकाशा. खेळणाऱ्याला दार उघडं, दृष्टिहीन लेखकाला बंद. इंक साध्या मजकुराच्या फाईलीत लिहिता येते, म्हणून मी तिच्या बाजूची.

पोरांनी शेवटी दोन्ही धरलं. मोबाईलसाठी छोटी आवृत्ती इंकमध्ये. मोठा खेळ पायथनमध्ये, काळ्या कन्सोलवर, ओळ छापायची आणि ओळ घ्यायची एवढंच. क्राउदरच्या कागदाच्या गुंडाळीसारखं. लढाईतल्या पाच ओळींची एक ओळ केली, शिल्लक ताकद विचारल्यावरच सांगायची असं ठरलं. तुलना करताना ऱ्हस्व-दीर्घ सारखंच मानायचं, कारण आज्ञा बोलून टाइप करणाऱ्याच्या हातात शुद्धलेखन नसतं. सामान्यरूपांची यादी हातानं बनतेय, रोज दोन-चार शब्द वाढतात. सध्या घोडं ‘पायऱ्यांवरून’पाशी अडलंय. त्यातला अर्धा र कुणी स्वतंत्र ऱ वापरून काढतो, कुणी साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. कानाला दोन्ही एकच. पायथनला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि खेळ म्हणतो, “अशी वस्तू इथे नाही.”