प्लॅन नाइनचा शेल आणि अमरावतीचे चौदा तालुके

संगणकाला माऊसने खुणावण्याऐवजी लिहूनही आज्ञा देता येतात, आणि त्या आज्ञा वाचून त्यांप्रमाणे कामे करवून घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. लिनक्स वापरणाऱ्यांना बॅश हा शेल परिचयाचा असतो; विंडोज वापरणाऱ्यांनी निदान ती काळी खिडकी तरी पाहिलेली असते. प्लॅन नाइन या कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) शेल या दोहोंपेक्षा बराच लहान आहे, आणि तो लहान का राहू शकला हे समजून घेतले, तर संगणकाच्या आत काय चालते याची बरीच उकल होते. संगणकाशी नुकतीच ओळख होत असलेल्या खेड्यातील मुलांना तो मुद्दाम दाखवावा, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणासाठी.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे बेल लॅब्ज ही संशोधनसंस्था आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली जिथे जन्मली त्याच विभागात १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केन थॉम्प्सन, रॉब पाइक, डेव्ह प्रेसोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅन नाइन घडवण्यास सुरुवात केली. १९९२ मध्ये ती विद्यापीठांना देण्यात आली, २००० मध्ये तिचा उगमसंकेत (सोर्स कोड) खुला झाला आणि २०२१ पासून तिची मालकी प्लॅन नाइन फाउंडेशनकडे आहे. २०११ मध्ये तिच्यापासून फुटून निघालेली नाइनफ्रंट ही शाखा आजही नियमितपणे सुधारली जाते. या प्रणालीचा मूळ विचार असा की यंत्रातील शक्य तितकी प्रत्येक गोष्ट फाइलीच्या रूपाने समोर ठेवायची. पडदा, माऊस, चालू असलेले प्रोग्राम, इंटरनेटची जोडणी, सारे काही फाइलींच्या झाडात कुठे ना कुठे सापडते आणि वाचता-लिहिता येते. युनिक्सने हा विचार अर्ध्यावर सोडला होता. येथे तो शेवटपर्यंत नेला आहे.

या प्रणालीतील शेलचे नाव आरसी असून तो टॉम डफ यांनी लिहिला. (आज्ञा आणि फोल्डरांची नावे या लेखात उच्चाराप्रमाणे दिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लिपीत टाइप करावी लागतात.) बॅशची सवय असलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो वर जाणाऱ्या बाणाच्या कळीने. ती दाबली की मागची आज्ञा परत येईल अशी त्याची अपेक्षा असते, पण येथे खिडकीतील मजकूर फक्त वर सरकतो. आरसीमध्ये मागील आज्ञांचा इतिहास नाही आणि ओळ दुरुस्त करण्याची सोयही नाही, कारण ती कामे खिडकीची आहेत. रिओ या खिडक्यांच्या व्यवस्थेत प्रत्येक खिडकी म्हणजे मुक्तपणे संपादन करता येणारा मजकूर असतो. पूर्वी दिलेली आज्ञा, किंवा एखाद्या प्रोग्रामने छापलेली ओळ, माऊसने निवडावी, हवी तर तिथल्या तिथे बदलावी, मधले बटण दाबून येणाऱ्या यादीतून ‘सेंड’ निवडावे, की ती ओळ नुकतीच टाइप केल्यासारखी शेलकडे जाते. मागची आज्ञा पुन्हा चालवण्यासाठी अवतरणचिन्हाच्याच नावाची एक छोटी आज्ञा आहे खरी, पण तीही इतिहास कुठे साठवत नाही. खिडकीतील मजकूर हीसुद्धा एक फाइलच असल्यामुळे ती त्या फाइलीत मागे शोधत जाते.

आमचे गाव वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यातले. येथील वाचनालयात एका जुन्या यंत्रावर मुलांना हे दाखवताना मी नेहमी ‘किल’ या आज्ञेपाशी थोडा जास्त वेळ थांबतो. अडकलेला प्रोग्राम बंद करण्यासाठी इतर प्रणालींतही याच नावाची आज्ञा असते आणि ती दिली की प्रोग्राम संपतो. प्लॅन नाइनमध्ये तसे होत नाही. ‘किल’ आणि पुढे प्रोग्रामचे नाव लिहिले, की पडद्यावर फक्त एक ओळ उमटते, तिचा आशय असा: ‘किल’ हा शब्द प्रॉक फोल्डरातील ३४१ क्रमांकाच्या उपफोल्डरमधील नोट या फाइलीत लिहा. त्यापलीकडे काहीच घडत नाही. “सर, हे त नुस्तं लिहून दाखवते, बंद त काईच करत नाई,” असे एका मुलीने म्हटले, आणि तिचे निरीक्षण अगदी अचूक होते. ही आज्ञा मारत नाही, मारण्यासाठी काय लिहावे लागेल ते सांगते. ती ओळ आपण वाचायची, क्रमांक बरोबर आहे ना हे पाहायचे, आणि मग ती निवडून ‘सेंड’ करायची. सगळे एकदमच हवे असेल, तर ‘किल’चे उत्तर नळीच्या चिन्हाने सरळ आरसीच्या तोंडी द्यायचे, म्हणजे ते उत्तरच आज्ञा म्हणून चालवले जाते.

हे शक्य होते, कारण चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रामचा प्रॉकमध्ये त्याच्या क्रमांकाचा एक फोल्डर असतो. त्यातील स्टेटस ही फाइल वाचली की प्रोग्रामचे नाव, मालक आणि सद्यःस्थिती कळते. नोट किंवा सीटीएल या फाइलीत शब्द लिहिला की प्रोग्रामला तो आदेश मिळतो. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर जशी जमिनीची नोंद असते तशी ही नोंद आहे, फरक एवढाच की येथे उताऱ्यावर लिहिले की प्रत्यक्ष वावरातच फेरफार होतो. ‘पीएस’ ही चालू प्रोग्रामांची यादी दाखवणारी आज्ञासुद्धा या फाइली वाचून ओळी जुळवण्यापलीकडे काही करत नाही. लिनक्समध्येही प्रॉक आहे, परंतु तेथे प्रोग्राम बंद करण्याचा मार्ग वेगळा आहे. येथे वाचणे आणि लिहिणे या दोन क्रियांवर सगळे भागते.

इंटरनेटचेही तेच. नेट या फोल्डरात टीसीपी (इंटरनेटवरील जोडणीची एक पद्धत) या नावाचा फोल्डर, त्यात क्लोन नावाची फाइल. ती उघडून वाचली की नव्या जोडणीचा क्रमांक मिळतो, त्या क्रमांकाच्या सीटीएल फाइलीत ‘कनेक्ट’ हा शब्द आणि पत्ता लिहिला की पलीकडच्या यंत्राशी जोडणी होते, आणि डेटा या फाइलीतून बोलणे सुरू होते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फाइलींचे झाड प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळे असू शकते, आणि दुसऱ्या यंत्रावरील फांदी आपल्या झाडावर बसवता येते. समजा, खोलीतील अनेक यंत्रांपैकी एकालाच इंटरनेट आहे. बाकीच्या यंत्रांवर ‘इम्पोर्ट’ या आज्ञेने त्या एका यंत्राचा नेट फोल्डर आपल्याकडे आणायचा, की त्या खिडकीतील सर्व प्रोग्राम शेजारच्या यंत्राच्या जोडणीने बाहेर जाऊ लागतात, आणि त्यांना याचा पत्ताही नसतो. हे फाइलींचे दळणवळण ज्या नियमांनी चालते त्यांना नाइन-पी म्हणतात. विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची जी सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे, तिच्यातही दोन बाजूंच्या फाइली एकमेकींना दाखवण्यासाठी नाइन-पी वापरले आहे.

आता शेलच्या भाषेकडे वळू. पारंपरिक युनिक्स शेलमध्ये चल (म्हणजे नाव देऊन साठवलेली माहिती, व्हेरिएबल) ही एक सलग अक्षरमाळ असते, आणि अवतरणचिन्हे न घालता ती वापरली की शेल तिचे मोकळ्या जागांवर पुन्हा तुकडे करतो. अमरावती जिल्ह्यात १४ तालुके आहेत. त्यांपैकी चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे, अंजनगाव सुर्जी आणि नांदगाव खंडेश्वर ही पाच नावे दोन शब्दांची आहेत. सर्व तालुक्यांची नावे एका चलात ठेवून प्रत्येकासाठी पावसाच्या नोंदीची एक फाइल तयार करायला जावे, तर जुना शेल १४ ऐवजी १९ शब्द मोजतो. ‘चांदूर’ आणि ‘रेल्वे’ दोनदा आल्यामुळे प्रत्यक्षात १७ फाइली तयार होतात, आणि त्यांत ‘खंडेश्वर’ नावाचा न मागितलेला तालुकाही असतो. पुढच्या काळातील शेलांनी यावर उपाय आणले, पण ते वरून जोडलेले आहेत. आरसीमध्ये चल ही मुळातच शब्दांची यादी असते, आणि एकदा वाचलेला मजकूर आरसी पुन्हा तोडत नाही. दोन शब्दी नावे एकेरी अवतरणचिन्हात घालून यादी कंसात लिहायची. ती पुढे कितीही वेळा वापरली तरी ‘चांदूर रेल्वे’ एकच राहतो. यादीतील शब्दांची संख्या हवी असेल तर चलाच्या नावाआधी डॉलर आणि हॅश ही चिन्हे लावायची, उत्तर १४ येते.

या चलाचे नाव मराठीतही ठेवता येते. ‘तालुके’ असे देवनागरीत लिहून समोर बरोबरचे चिन्ह आणि कंसात यादी दिली, की आरसी ते निमूट स्वीकारतो. मग ईएनव्ही या फोल्डरात पाहावे, तर तेथे ‘तालुके’ नावाची फाइल दिसते आणि तिच्यात सगळी नावे असतात. यामागे एक इतिहास आहे. आज जगभरच्या संकेतस्थळांवर वापरली जाणारी यूटीएफ-८ ही अक्षरसंकेत-पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये रचली, आणि ती प्रथम लागू झाली ती प्लॅन नाइनमध्येच. येथील ‘डब्ल्यूसी’ या मोजणीच्या आज्ञेला युनिकोड (जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारी यादी) चिन्हे आणि बाइट (साठवणीचे एकक) वेगवेगळे मोजता येतात. ‘विदर्भ’ हा शब्द तिला दिला, तर ६ चिन्हे आणि १८ बाइट असे उत्तर येते. आपल्याला दिसतात तीन अक्षरे. पण व, इकार, द, र, हलन्त आणि भ अशी चिन्हे सहा होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात.

वाचनाच्या बाबतीत मात्र ही प्रणाली आपल्यासाठी अपुरी आहे, आणि ती खंत मला मनापासून वाटते. देवनागरीची चिन्हे असलेला फॉन्ट बसवला तरी जोडाक्षरे जुळवण्याची व्यवस्था तिच्यात नाही. त्यामुळे ‘वि’मधला इकार व्यंजनानंतर पडतो आणि रफार वर चढत नाही. टाइप करणेही सोपे नाही: ऑल्ट कळ, मग एक्स, मग युनिकोडचा चार अंकी षोडशमान (हेक्साडेसिमल) क्रमांक, असे एकेक चिन्ह घ्यावे लागते. मजकूर दुसरीकडे तयार करून आणणे आणि खिडकीतून निवडून चिकटवणे हाच सध्या व्यवहार्य मार्ग आहे. आधुनिक ब्राउझरही येथे नाही, आणि सगळीच वायफाय कार्डे ओळखली जात नाहीत.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी नाइनफ्रंटची प्रत उतरवून घ्यावी. ती जुन्या ३२-बिट यंत्रांवर, नव्या ६४-बिट यंत्रांवर आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालते; चालू यंत्राला धक्का न लावता क्यूएमू या आभासी यंत्रातही तपासता येते. मध्ये चाक असलेला माऊस हवा, कारण ते चाक दाबून मधल्या बटणाचे काम होते, आणि त्यावाचून रिओमध्ये पान हलत नाही. सुरुवात ‘एलएस’ या यादी दाखवणाऱ्या आज्ञेने प्रॉक फोल्डर पाहण्यापासून करावी, त्यातील कोणत्याही क्रमांकाची स्टेटस फाइल ‘कॅट’ या फाइल छापणाऱ्या आज्ञेने वाचावी, आणि मग दुसऱ्या खिडकीत एखादा प्रोग्राम सुरू करून प्रॉकमध्ये वाढलेला क्रमांक शोधावा.